एकेचाळीस सेकंद

"सर, उद्या अंदाज बंद पडला, तर तुम्हाला स्वतःला यातलं काही येतं का?"

पैज आफरीनची होती, शब्द माझ्या दुसऱ्या मैत्रिणीचे, पूर्वजाचे होते आणि तोंड माझं. विचारलं नाही तर महिनाभर दोघींच्या पाण्याच्या बाटल्या मी भरायच्या, असं ठरलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला "हजर" म्हणतानाही लाजायचे. पण दिवाळीनंतरच्या वादविवाद स्पर्धेत मी दुसऱ्या शाळेच्या एका मुलाला चक्क रडवलं, आणि तेव्हापासून मला वाटायला लागलं होतं की आपण कुणालाही काहीही विचारू शकतो.

येमूल सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला.

"हत्तुरे, शाळा सुटल्यावर भांडारखोलीत ये."

"मेलीस बे, शर्वे," आफरीन माझ्या कानात म्हणाली. तिच्या आवाजात दुःख वगैरे काही नव्हतं.

भांडारखोलीत जुने नकाशे, मोडकी बाकं आणि एक हाडांचा सापळा होता. कोपऱ्यात गोधडीखाली झाकलेलं काहीतरी. सरांनी गोधडी ओढली. खाली एक पिवळट पडलेली पेटी, कीबोर्ड आणि टीव्हीसारखा पाठीला पोक असलेला पडदा.

"डेस्कटॉप. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा. अडतीस वर्षं झाली. यात ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दाखव, मग तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो."

"त्यात काय, सर!" मी म्हणाले. पेटीसमोर उभी राहिले आणि नीट स्पष्ट आवाजात सांगितलं, "सुरू हो."

सर इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग त्यांनी आपला जेवणाचा स्टीलचा डबा रिकामा करून माझ्यापुढे धरला. "मणी काढ. यात ठेव. झाकण लाव. इथं असेपर्यंत तो बाहेर येणार नाही."

मणी म्हणजे कानात घालतो तो, अंदाजचा. आमच्या पिढीला तो जन्मापासून असतो. तो सगळं ऐकतो, बघतो आणि पुढच्या क्षणी तुम्ही काय करणार याचा हिशेब सतत मांडत राहतो. लाखो माणसांच्या लाखो दिवसांवरून तो शिकलेला आहे, त्यामुळे त्याचा हिशेब सहसा चुकत नाही. गणित अडणार असं दिसलं की पुढची पायरी तो कानात सांगतो. भांडण होणार असं दिसलं की विषय बदलून देतो. शब्द आठवत नसेल तर तो ओठांवर येण्याआधी कानात आलेला असतो. म्हणून आमच्या वेळापत्रकात आता "संगणक" हा विषय नाही, "यंत्रसंवाद" आहे. येमूल सर आम्हाला यंत्राशी बोलायला शिकवतात. आत काय असतं ते कुणी विचारत नाही.

मणी डब्यात गेला. झाकण लागलं. कानात एकदम इतकं रिकामं वाटलं की मी डोकं हलवून बघितलं.

आता खरं सांगते. बाटल्या भरायच्या भीतीनं मी तो प्रश्न विचारला नव्हता. त्या आधीच्या शुक्रवारी आमची कल-पत्रं आली होती. दहावीनंतर कुणी कुठं जायचं ते अंदाज सुचवतो. माझ्या कल-पत्रात लिहिलं होतं: बोलण्यात उत्तम, आत्मविश्वास वाढता, चिकाटी कमी. शिफारस: विक्री आणि संवाद. मला तर तंत्रनिकेतनला जायचं होतं. गिरणी बघितली तरी तिचा पट्टा कुठून कुठं जातो हे बघत उभी राहणारी मुलगी आहे मी. पण यंत्रशाखेला चिकाटी "उत्तम" लागते. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता अंदाज सगळ्यांचे अर्ज आपणहून पाठवणार होता. पालकांनी हरकत घेतली तरच थांबणार. आमच्या वर्गातल्या एकाच्याही पालकांनी हरकत घेतली नव्हती. माझे अप्पा तर मण्यांच्याच दुकानात विक्रीला आहेत. ते कशाला हरकत घेतील?

म्हणजे माझ्याकडे सहा दिवस होते आणि माझ्यापुढं एक पिवळी पेटी. ती चालू केली, तर माझ्यात चिकाटी आहे हे आई-अप्पांना दाखवता येणार होतं.

त्याच दिवशी, सोमवारी, मी बटण दाबलं. पंखा घरघरला. पडदा काळा. आतून एक लांब शिट्टी, मग शांतता, मग परत एक लांब शिट्टी. मी बटण बंद करून परत चालू केलं. शिट्टी. सगळ्या वायरी काढून परत खोचल्या. शिट्टी. पेटी उघडायला गेले तर पत्र्याच्या कडेनं बोट कापलं.

"सर, हे काय म्हणतंय?"

सर कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवत वह्या तपासत होते. "ते सांगतंय ना काय झालंय ते."

"शिट्टी वाजवतंय!"

"तेच सांगतंय."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या यंत्रानं मला मदत केली नव्हती. अपमानच वाटला. ते मला ओळखत नव्हतं. मी दमले, माझं बोट कापलं, मी वादविवादात पहिली आले, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. दोन तास मी त्याला शिव्या घातल्या. सगळ्या शिव्या संपल्यावर आफरीनकडून ऐकलेल्या वापरल्या.

घरी पोचायच्या आत औषधाची पट्टी दारात येऊन पडली होती. मणी कानात घातल्या घातल्या अंदाजनं ती मागवली होती.

"शर्वाणी, तुला जुना संगणक बघायचा आहे ना?" तो प्रेमानं म्हणाला, आणि समोरच्या भिंतीवर तो हुबेहूब उघडला. निळा पडदा, छोटी चित्रं, सगळं चालू. "घे. झालं."

"हे झालं नाही! तू केलंस!"

"तू चिडली आहेस. थोडं गाणं लावू?"

मी उशी भिंतीवर फेकली. निळ्या पडद्यावर उशीची सावली पडली, बाकी काही झालं नाही.

मंगळवारीही शिट्टीच. रात्री जेवताना त्या लांब शिट्टीचं आई-अप्पांना एकदा सांगून मी तोंड फुगवून बसले होते. अंदाजनं दोनदा विषय काढून बघितला, क्रिकेट आणि मावशीचं नवं घर. आई माझ्या बोटाकडे बघत होती.

आणि अप्पा, जे जेवताना सहसा अंदाज सुचवेल तेच बोलतात, ते ताटाकडे बघतच म्हणाले, "रॅम काढून खोडरबर मारलास का?"

आईचा घास हातात राहिला. "काय मारलं?"

"रॅम म्हणजे यंत्राची तात्पुरती आठवण. पट्टी असते एवढी. तिच्या सोनेरी दातांना हवेनं गंज चढतो. लांब शिट्टी म्हणजे ती पट्टी सापडत नाही." अप्पांनी बोटानं ताटाच्या कडेवर घासून दाखवलं. "शाळेतला खोडरबर घ्यायचा, पांढरा. हळू घासायचं. फुंकर मारायची. कॉलेजात असताना नव्या पेठेत रिपेअरिंगच्या दुकानात होतो ना मी. दिवसाला दहा मशीन खोडरबरवर चालू करायचो. मालक लोकांना सांगायचा, मोठं काम निघालंय!"

ते हसले. मी अप्पांना असं हसताना किती दिवसांनी बघितलं, आठवेना. कानातला अंदाज काही बोलला नाही. त्याच्या हिशेबात हे वाक्य नसावं.

"हे तुम्ही आधी कधी सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"तू कधी अडलीस कुठं?"

बुधवारी मी खोडरबर मारला. एकदाच छोटी शिट्टी आणि पडद्यावर पांढरी अक्षरं! मी इतक्या जोरात किंचाळले की शिपाईमामा धावत आले. मग ती अक्षरं वाचली. यंत्राला हार्डडिस्क सापडत नव्हती.

सापडत नव्हती म्हणजे काय? माझ्या हातात होती! अर्धा किलोची तरी असेल! तीन तास मी ती काढत आणि लावत बसले. चौथ्या तासाला, निव्वळ रागानं, तिच्यावरचा चिकटवलेला कागद वाचला. मागच्या बाजूला जोंधळ्याच्या दाण्याएवढी प्लास्टिकची टोपी होती. ती कुठल्या दोन टाचण्यांवर बसते, त्यावरून त्या वायरीवरचा मुख्य कोण आणि दुय्यम कोण ते ठरायचं. इथं डिस्क आणि सीडी ड्राइव्ह दोघंही स्वतःला मुख्य समजत होते, म्हणून दोघांपैकी एकही दिसत नव्हता. आमच्या गणपती मंडळाचं असंच झालं होतं, दोन अध्यक्ष आणि मूर्ती आलीच नाही. मी चिमट्यानं टोपी हलवली. दोघंही दिसले.

सर वह्यांवरून नजर न उचलता म्हणाले, "कागद वाचायला तीन तास लागले."

"तुम्ही सांगितलं असतंत तर एक मिनिट!"

"हो. मग तुला एका मिनिटाचं आलं असतं."

गुरुवारी सरांनी कपाटातून सीडी काढून दिली. त्यांनीच दोन हजार सोळा साली बनवलेली, वर निळ्या शाईनं "जपून" लिहिलेलं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राला "हे तुझे हात, हे तुझे डोळे" असं सांगणारी पहिली शिकवण. ती डिस्कवर उतरायला लागली. दहा टक्के. तीस. पन्नास. एकसष्ट टक्क्यांवर सगळं थांबलं आणि एक ओळ आली. तिचा अर्थ असा: या फायलीवरची सही भविष्यातली आहे, अजून लागू झालेली नाही.

भविष्यातली? सत्तावीस वर्षं जुन्या सीडीवर?

परत पहिल्यापासून. एकसष्ट. तीच ओळ. सीडी फडक्यानं पुसून परत. एकसष्ट. शुक्रवारी दोनदा परत. एकसष्ट, एकसष्ट. शेवटी मी त्या पेटीला लाथ मारली. माझाच अंगठा सुजला. मी जमिनीवर बसले आणि मला रडू आलं. वादविवादातल्या त्या मुलाची मनोमन माफी मागितली.

"सोडतेस?" सरांनी विचारलं. टोमणा नव्हता, नुसता प्रश्न होता.

"नाही!" मी नाक पुसत ओरडले. "भविष्य म्हणे! याला कळतं तरी का आज काय तारीख आहे?"

सरांचा पेन थांबला. मीही थांबले. उठून यंत्र परत सुरू केलं आणि यावेळी सुरुवातीची अक्षरं सगळी वाचली. तिथं कोपऱ्यात तारीख होती, एक जानेवारी दोन हजार चार. त्याच्या दृष्टीनं ती सीडी अजून बारा वर्षांनी बनणार होती. बिचारं खरंच सांगत होतं!

"तारीख लक्षात ठेवायला आत एक गोल सेल असतो," सर म्हणाले. "तो कधीच मेला. हातानं तारीख भरशील, पण हा प्लग एवढा ढिला की जरा हलला की मशीन बंद, आणि बंद पडलं की तारीख गेली. नाण्याएवढा सेल हवा. आता मिळत नाहीत."

घरी जाताना आफरीन भेटली. ती फाटकापाशी कानातल्या मण्यावर टिचक्या मारत उभी होती. तिचा मणी तिच्या भाईजानचा, सात वर्षं जुना. काही विचारलं की दोन-तीन मिनिटं डुलकी काढल्यासारखा गप्प बसतो.

"शर्वे, सांगितलं का तुला? माझ्या कल-पत्रात चिकाटी उत्तम आली. अम्मी हसून हसून लोळली. म्हणते, तू? तुला तर शेवया भाजायचाही धीर नाही!"

मीही हसले. मग हसू अर्ध्यातच थांबलं. आफरीनचा मणी डुलक्या काढतो, म्हणून तिला थांबावं लागतं. माझा मणी सगळ्यात नवा, सगळ्यात वेगवान. अप्पांनी दरवर्षी दुकानातून हौसेनं आणलेला.

मी तिथंच उभी राहून विचारलं, "अंदाज, मी एखाद्या गोष्टीवर जास्तीत जास्त किती वेळ अडलेली तुझ्याकडे नोंद आहे?"

"एकेचाळीस सेकंद," तो म्हणाला.

"पुढं काय झालं? मी सोडून दिलं?"

"नाही. पुढं मी मदत केली."

आफरीन विचारत होती की माझं तोंड असं का झालंय. मी तिला मिठी मारली आणि पळाले.

घरी आई उद्याच्या ऑर्डरची चटणी पाकिटात भरत होती. पाव किलोची पाकिटं, तिच्या जुन्या काट्यावर. नवा काटा कपाटात पडून आहे. तो चटणी ओतायच्या आधीच वजन सांगून टाकतो, त्याची तिला चीड येते. मी तिचा काटा उलटा केला. खाली झाकण होतं. आत नाण्याएवढा गोल सेल.

"आई, हा मला दे."

"आणि मी चटणी काय अंदाजानं भरू?" ती म्हणाली. माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघितलं, कापलेल्या बोटाकडे बघितलं. "असे शेवटचे दोनच राहिलेत माझ्याकडे. उद्या संध्याकाळपर्यंत परत आण. दुसऱ्याला हात लावायचा नाही."

शनिवारी शाळा अर्धी. मी सेल बसवला, तारीख भरली: चौदा फेब्रुवारी दोन हजार त्रेचाळीस. मुद्दाम बंद करून चालू केलं. तारीख टिकली! सीडी घातली. दहा. तीस. पन्नास. सरही आता वह्या सोडून माझ्या मागे येऊन उभे होते. साठ. एकसष्ट.

थांबलं.

तीच ओळ. या फायलीवरची सही भविष्यातली आहे.

इतका राग आला की शब्दच सापडेनात, आणि कानात सांगायला मणी नव्हता. मग बघितलं, खाली आणखी एक ओळ होती, जी आधी कधीच नव्हती. यंत्राच्या मते आजची तारीख होती जानेवारी एकोणीसशे सात.

"सर! हे मागं गेलं! दोन हजार चार बरं होतं की!"

सर पुढं वाकले, ती ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. मग खडू घेऊन फळ्याच्या तुकड्यापाशी गेले. "ही मशीन वेळ कशी मोजते ठाऊक आहे? एक जानेवारी एकोणीसशे सत्तरपासून किती सेकंद झाले, एवढा एकच आकडा. आणि तो ठेवायला ठरावीक घरं. आपल्या गाडीच्या मीटरसारखी. घरं संपली की?"

"परत शून्य?"

"शून्याच्याही मागं, उणे. दोन हजार अडतीसच्या जानेवारीत ही घरं भरली. त्यापुढची तारीख दिलीस की काटा गरकन फिरून एकोणीसशे एकला जातो आणि तिथून पुढं मोजतो. मी हे शिकलो होतो गं. विसरलो." ते फळ्याकडेच बघत राहिले. "हे घे तुझं उत्तर. येत होतं मला. आता निम्मं येतं. सतरा वर्षांत कुणी विचारलंच नाही."

घड्याळात पाच वीस झाले होते. परत पहिल्यापासून लावलं तर दोन तास. सहाच्या आत होणं शक्यच नव्हतं.

"हरले मी," असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण बाहेर वेगळंच आलं. "सर, म्हणजे याला खरी तारीख सांगायचीच नाही! दोन हजार सतरा सांगायची. सीडीनंतरची आणि अडतीसच्या आधीची!"

सर नुसते हसले. मी डब्यातून मणी काढला, कानात घातला नाही, मुठीत धरला आणि पळत सुटले.

आई-अप्पा बाहेरच्या खोलीत बसले होते. भिंतीवर माझा अर्ज उघडलेला: विक्री आणि संवाद. खाली सेकंद उलटे मोजले जात होते. एकोणीस मिनिटं राहिली होती.

"आई, अप्पा, वेगळी एरर आली!"

"म्हणजे चालू झालं?" आईनं विचारलं.

"नाही झालं! पण आधी होती ती कळली, आता आलीय तीही कळलीय." मला धाप लागली होती. "अंदाज, या आठवड्यात मी किती वेळ अडले होते?"

"शर्वाणी, त्या वेळची माझ्याकडे नोंद नाही," भिंत म्हणाली. "पण ते काम पूर्ण झालेलं नाही असं दिसतं. हे कल-पत्राशी जुळतं."

"सतरा तास," मी म्हणाले. "मी मोजलेत. अप्पा, याच्याकडे माझे एकेचाळीस सेकंदच आहेत, कारण बेचाळिसाव्याला हा मध्ये येतो. यानं मला कधी अडूच दिलं नाही, तर अडल्यावर मी काय करते ते याला कसं कळणार? आफरीनची चिकाटी उत्तम का आली, तर तिचा मणी म्हातारा आहे म्हणून!"

अप्पा भिंतीकडे बघत होते. तसलाच मणी ते रोज लोकांना हसून विकतात. माझ्यासाठी तर सगळ्यात भारी आणला होता. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. त्यांच्यावर चिडावं असं मनात होतं, पण जमलं नाही.

"मी तर तुझं चांगलंच..." ते म्हणाले आणि थांबले. नेहमी अशा वेळी पुढचा शब्द त्यांना कानात मिळतो. त्यांनी हळूच मणी काढून खिशात टाकला. "बुधवारी सांगत होतीस ती हार्डडिस्कची टोपी, ती कुणी दाखवली? सरांनी?"

"कुणी नाही. कागद वाचला. तीन तासांनी."

"मला पहिल्यांदा आख्खा दिवस लागला होता," अप्पा म्हणाले.

भिंतीवर अकरा मिनिटं राहिली होती. आई अप्पांकडे बघत होती, अप्पा माझ्याकडे. अंदाज आईच्या कानात काय सांगत होता मला माहीत नाही, माझा मणी मुठीत घामानं ओला झाला होता. तो मी टीपॉयवर ठेवला.

"हा अर्ज जाणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही दोघं आत्ता हरकत घ्या. तंत्रनिकेतनचा अर्ज मी भरणार, यंत्रशाखा, हातानं, आणि चिकाटीच्या रकान्यात सतरा तास लिहिणार. सरांची सही आणते. नाकारला तर पुढच्या वर्षी परत भरेन. आणि आई, सोमवारी शाळा सुटल्यावर मी पहिल्यापासून लावणार आहे, त्यामुळे तुझा सेल काही आज परत मिळत नाही."